फी माफ झाली. ताटाचं आणि पलंगाचं काय?

पत्र असं आहे:

"मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी मदतनीस आहे. मालकांची दोन एकर कोरडवाहू. आम्ही ओबीसी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ६२ पर्सेंटाइल पडले. कॅपचा फॉर्म भरलाय. ओळखीचे एक गृहस्थ पुण्याकडच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट करून देतो म्हणतात. २० हजार आत्ता द्या, सीट पक्की, पुढं मुलींचं शिक्षण मोफतच आहे असं त्यांचं म्हणणं. धाकटा मुलगा दहावी झाला, ५४ टक्के. त्याला आयटीआय करायचंय. मालक म्हणतात, आयटीआय म्हणजे वाया गेलेल्या पोरांचं, त्यापेक्षा अकरावीला घाल. आणि पोरीला शिकवायचं तर एक एकर काढावी लागेल, ते जमणार नाही, पुढच्या वर्षी स्थळ बघू. दोघांतलं एकच शिकेल अशी परिस्थिती आहे. मोफत म्हणतात ते खरं का? खरं असेल तर मग कॉलेजवाले पैसे कशाचे मागतात? – एक आई"

ताई,

आधी त्या वीस हजारांचं. दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर उद्या सकाळी जाऊन कॉलेजच्या नावाची छापील पावती मागा. पावती मिळणार नाही, पण मागितल्यावर पैसे परत मिळायची थोडी आशा असते.

'सीट करून देतो' म्हणणारा माणूस बहुतेक व्यवस्थापन कोट्यातली, म्हणजे कॉलेज स्वतःच्या अखत्यारीत भरतं ती, जागा विकत असतो. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ ला मुलींच्या फीमाफीचा जो निर्णय काढला, त्यात एक अट आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे तुम्ही ज्याला कॅप म्हणता त्यातून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठंही यात येत नाहीत. म्हणजे हे गृहस्थ ज्या मोफतच्या जोरावर सीट खपवतायत, ती सीट घेतली की मोफतच हातातून जातं. आणि कॅपमधली सीट कुणी 'करून' देऊ शकत नाही. ती पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि मुलीने भरलेले पसंतीक्रम बघून लागते. ६२ पर्सेंटाइलवर नावाजलेलं सरकारी कॉलेज अवघड आहे, पण खासगी कॉलेजांत, विशेषतः कमी मागणीच्या शाखांना, नंबर लागू शकतो. जे तिला स्वतःच्या मार्कांवर मिळण्यासारखं आहे, ते हा माणूस वीस हजाराला विकतोय. ठरलेल्या फीवर वरचे पैसे घेणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांच्या कानावर घाला.

आता तुमचा खरा प्रश्न. मोफत म्हणजे काय?

मी एका कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीत सतरा वर्षं बसलो. खिडकीच्या अलीकडे आणि पलीकडे सर्वांत जास्त भांडणं याच एका शब्दावरून झाली. सरकारी निर्णयातली भाषा बघा: 'शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क'. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, आधी या शुल्कातलं निम्मं माफ होतं. २०२४-२५ पासून पूर्ण. तुमची मुलगी यात बसते. हे खरं आहे, अफवा नाही, आणि लहान गोष्टही नाही. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फीत सगळ्यात मोठा आकडा शिक्षण शुल्काचाच असतो.

पण त्या दोन शब्दांत जे बसत नाही ते मोफत नाही. विकास शुल्क वेगळं असतं. अनामत, ओळखपत्र, विमा, गणवेश, कॉलेजची बस हे सगळं वेगळं. म्हणून कॉलेजच्या कारकुनाने काही रक्कम मागितली की तो लगेच चोर ठरत नाही, आणि तो मागेल ते सगळंच बरोबर असंही नाही. प्रत्येक खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, हे तिथं वेगवेगळं दिसतं. मुलीला मोबाईलवर काढायला सांगा, आकडा वहीत लिहा, वही घेऊन कॉलेजात जा. वही उघडली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने अनेकदा पाहिलंय. पात्र मुलींकडून माफ झालेली फी प्रवेशाच्या वेळी मागू नका, असं सरकारने कॉलेजांना बजावलेलंही आहे. 'आधी भरा, सरकारचे आले की परत देऊ' असं कुणी म्हणालं तर तेवढंच कागदावर लिहून मागा.

खरा खर्च मात्र आणखी वेगळीकडे आहे, आणि तुमच्या मालकांना तो बरोबर दिसलाय. ते एक एकर म्हणतात ते फीसाठी नाही. पोरगी राहणार कुठं, जेवणार काय, याच्यासाठी आहे. समजा मेस आणि खोली मिळून महिन्याला ६ हजार लागले, तर दहा महिन्यांचे ६० हजार आणि चार वर्षांचे २ लाख ४० हजार. हे समजा म्हणून धरलेत, शहर बदललं की आकडा बदलेल. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभारायला सुरुवात केली, कारण खेड्यातल्या पोराला शाळेच्या दारापेक्षा शहरातल्या पलंगाची आणि ताटाची अडचण मोठी असते हे त्यांना ठाऊक होतं. आपली सरकारं तिथवर यायला बराच काळ लागला, आणि अजूनही फीमाफीचे बोर्ड मोठे लागतात, वसतिगृहाचे लहान.

तरी बोर्ड आहेत. इतर मागास बहुजन कल्याण विभागाने जिल्ह्याजिल्ह्यात मुलामुलींची वसतिगृहं मंजूर केलीत, काही भाड्याच्या इमारतींत चालतात. तिथं नंबर लागला तर तुमचा निम्मा घोर मिटला. नाही लागला तर 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी वर्षाला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याला ३८ हजार अशी रक्कम ठरलेली आहे. अटी दोन महत्त्वाच्या: मुलगी कॉलेज असलेल्या गावचीच रहिवासी नको, आणि जिल्ह्याला लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असल्याने निवड गुणवत्तेवर होते. सगळ्यांना मिळत नाही. मिळाली तरी पैसे हप्त्याने येतात, आणि मेसवाला हप्त्याची वाट बघत नाही. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे पैसे हाताशी असल्याशिवाय लांबचं कॉलेज निवडू नका.

यावरून माझा सल्ला असा. मुलगी कॅपचे पर्याय भरेल तेव्हा नुसतं कॉलेजचं नाव बघून भरू नये. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहावं की या गावात तिला पलंग कुठे मिळेल: सरकारी वसतिगृह, कॉलेजचं मुलींचं वसतिगृह, मावशीचं घर, काहीच नाही. 'काहीच नाही'वाली नावं खाली. पुण्याच्या कडेला माळावर उभं असलेलं कॉलेज आणि संभाजीनगर किंवा लातूरचं कॉलेज, दोन्ही सारख्याच कटऑफचे असतील तर मी डोळे झाकून जवळचं घेईन. पुण्याचं नाव बायोडेटावर लिहायला बरं दिसतं, एवढंच.

आणखी एक वाट सांगतो, ती फारसं कुणी सांगत नाही. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बीडला आणि अंबाजोगाईला सरकारी पॉलिटेक्निक आहे. दोन वर्षांत डिप्लोमा, मग हवं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एकूण पाच वर्षं होतात, चार नाही, हा तोटा. पण दोन वर्षांनी हातात एक पूर्ण प्रमाणपत्र असतं, आणि पोरगी तोवर जिल्ह्यातच असते. घरात 'पुढच्या वर्षी स्थळ' चालू असताना ही दुसरी गोष्ट मालकांना पटवायला फार उपयोगी पडते. मात्र दोन्हीकडचे अर्ज वेगवेगळे आणि मुदतीही वेगळ्या, एकाच्या भरवशावर दुसरा सोडू नका.

आता कागद. इथं मी थोडा कंटाळवाणा होणार आहे, सहन करा. माझ्या खिडकीत ज्या मुलींचे पैसे अडकले त्यातल्या फार थोड्या अपात्र होत्या. बाकीच्यांचं नाव आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं. कुणाचा आधारला जोडलेला मोबाईल भावाकडे, भाऊ ऊसतोडीला कर्नाटकात, आणि ओटीपी त्याच्या खिशात. कुणाचं बँक खातं होतं, पण ते आधारशी सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलेलं नव्हतं. खात्याला आधार नंबर दिलेला असणं आणि थेट लाभासाठी तेच खातं जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी हेच खातं आहे ना' एवढं विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागेल, जातीचा दाखला, अधिवास, आणि नॉन-क्रिमीलेअर. त्या नॉन-क्रिमीलेअरवरची ३१ मार्चची तारीख नीट वाचा, चालू शैक्षणिक वर्ष त्यात बसलं पाहिजे. जात वैधतेचा अर्ज केला नसेल तर आजच करा आणि पोचपावती जपून ठेवा. मागच्या काही वर्षांत सरकारने वैधतेला मुदतवाढ दिली, पण दर वर्षी देईल यावर पोरीचं वर्ष लावू नका.

फीमाफी आपोआप लागत नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर मुलीने स्वतः अर्ज करायचा, कॉलेजच्या लॉगिनवर तो तपासला जातो, मग पुढे सरकारी विभागाकडे. त्रुटी काढून अर्ज परत आला तर मोबाईलवर मेसेज येईलच याची खात्री नाही, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायचं. आणि हा अर्ज दर वर्षी नव्याने करायचा असतो. पहिल्या वर्षी धावपळ करून भरलेल्या मुली दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरतात आणि तिसऱ्या वर्षी कॉलेज थकबाकी दाखवून निकाल अडवतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की नोकरी सोडल्यावरही ऑक्टोबर आला की मला झोपेत पोर्टल दिसतं.

एक एकर विकू नका. त्याच्याआधी बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी पतहमी असल्याने जमीन तारण द्यावी लागू नये. वसतिगृह आणि मेसचा खर्चही यात धरता येतो, हे बँकवाले आपणहून बोलत नाहीत. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला दर्जा तपासणाऱ्या नॅक किंवा एनबीए या संस्थेची मान्यता असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्राच्या योजनेतून जाऊ शकतं. ओबीसी वित्त आणि विकास महामंडळाचीही शैक्षणिक कर्जावरच्या व्याज परताव्याची योजना आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेची जाहिरात तुमच्या कानावर आली असेल, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. तुमच्या मुलीचं कॉलेज त्यात असायची शक्यता कमी, तेव्हा त्याच्या मागे वेळ घालवू नका. गरज पडलीच तर मेसपुरतं लहान कर्ज घ्या.

आता धाकट्याकडे येऊ. त्याच्या बाबतीत मालकांचं चुकतंय, आणि हे मी जरा जोरात म्हणतो.

आयटीआय म्हणजे वाया गेलेल्यांचं, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. देशात आयटीआय ज्या योजनेतून चालतात ती कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ला सुरू झाली, महाराष्ट्रात आज चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत, बहुतेक तालुक्यांना आहे. ५४ टक्क्यांच्या मुलाला अकरावी-बारावी-बीए असं पाच वर्षं रेटत नेलं तर शेवटी हातात काय असेल ते गावातल्याच चार पोरांकडे बघून मालकांना सांगता येईल. उलट हा मुलगा स्वतःहून आयटीआय मागतोय. दहावी झालेला मुलगा स्वतःहून काही मागतोय ही गोष्टच दुर्मिळ आहे, ती मोडू नका.

फक्त ट्रेड विचार करून घ्या. एक वर्षाचेही ट्रेड असतात, वेल्डर वगैरे, ते लवकर कमाईला लावतात. पण दोन वर्षांचा, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, मिळत असेल तर तोच घ्या, कारण दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून डिग्रीला. वाट बंद होत नाही. आणि महावितरणच्या विद्युत सहायक भरतीची जाहिरात काढून मालकांना दाखवा: तिथं वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्रीचं (वायरमनचं) प्रमाणपत्र मागतात. नुसता बीए झालेला पोरगा तो अर्जसुद्धा भरू शकत नाही. अनुभवाने सांगायचं तर, माझ्या घरची लाईट गेली की जो येतो तो आयटीआयवालाच असतो आणि त्याच्या गाडीचा हप्ता माझ्या पेन्शनपेक्षा नियमित जातो.

आयटीआयनंतरची शिकाऊ उमेदवारी, अप्रेंटिसशिप, हा भाग लोक गाळतात आणि खरा फायदा तिथंच आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यांना महिन्याला किमान ७ हजार विद्यावेतन ठरलं. रक्कम मोठी नाही, पण ती घरून जात नाही, घरी येते. एसटीच्या आगारांत, महावितरणमध्ये, रेल्वेच्या कारखान्यांत अशा जागा निघतात. रेल्वेत तर तिच्याच कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे मात्र पोराला आधीच सांगा. 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण' योजनेत महिन्याला सहा, आठ, दहा हजार मिळतात म्हणून गेलेली अनेक पोरं मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. ते प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हती.

तीन-तीन महिन्यांचे मोफत कौशल्य कोर्स घेऊन कुणी दारात आलं तर? हातात आधी काही असेल तर वर जोडायला बरे. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या जागी नकोत.

म्हणजे हिशोब असा बसतो, ताई. मुलगा तालुक्याच्या आयटीआयला घरून जाईल, सकाळी डबा घेऊन, एसटीच्या पासवर. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सूट आहे. त्याला पलंगही नको, मेसही नको, आणि दोन वर्षांनी तो विद्यावेतन आणू लागेल, म्हणजे बहिणीचं तिसरं वर्ष सुरू होईल तेव्हा. दोघांच्या खर्चाची वेळ एकमेकांवर येत नाही. 'दोघांतलं एकच' हे तुम्ही दोन्ही खर्च एकाच वर्षात, एकाच ढिगात बघितल्यामुळे वाटतंय. दोन पानांवर वेगळं लिहा, वर्षवार, आणि संध्याकाळी मालकांपुढे ठेवा. भाषण करू नका, त्यांना बेरीज करू द्या.

लग्नाबद्दल मी एवढंच म्हणेन की पोरीचा कॅपचा नंबर लागेपर्यंत स्थळाचा विषय घरात काढायचा नाही, असं मालकांकडून कबूल करून घ्या. काही आठवड्यांचा प्रश्न आहे. सीट लागल्याचं पत्र घरात आलं की बापाची भाषा बदलते, सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची बदललेली मी पाहिलीय. आणि कागद तपासायला सुविधा केंद्रावर जायचं असेल तेव्हा तुम्ही रजा टाकू नका, त्यांनाच पोरीबरोबर पाठवा. दिवसभर रांगेत इतर मुलींच्या बापांशी बोलत उभे राहतील, ते काम तुमच्या-माझ्याने होणार नाही.

आयटीआयचा अर्ज ऑनलाइन आहे, पण त्याआधी एकदा बापलेकांनी मिळून तालुक्याच्या आयटीआयचं वर्कशॉप बघून यावं. दुपारी जा, पोरं मशीनवर असतात. येताना मुलाला विचारा फिटर की इलेक्ट्रिशियन, आणि त्याने काय सांगितलं ते मला कळवा.